डावीकडची सावली

१

अदेमार पाशेकोच्या दुकानात येणारा प्रत्येक व्हिडिओ गेम आधी काळा-पांढराच दिसायचा. कुणाच्या मेहुण्याने पाराग्वेच्या पुलावरून आणलेला असो, कुणाच्या लेकीने मायामीहून पाठवलेला असो, लोंद्रिनातल्या टीव्हीला जोडला की रंग गायब. ब्राझीलच्या टीव्हीची रंगांची भाषा जगावेगळी, आणि बाहेरून आलेल्या यंत्रांना ती येत नसे. मग माणसं यंत्र टॉवेलात गुंडाळून 'सेऊ अदेमार', म्हणजे अदेमारराव, अशी हाक मारत त्याच्याकडे आणायची. तो त्याच्या पोटात काडेपेटीएवढी एक पट्टी बसवून द्यायचा. पट्टी बसली की गवत हिरवं, आभाळ निळं. वर्षानुवर्षं हेच काम करूनही त्याला त्याचा कंटाळा आला नव्हता. करड्या चित्रात रंग उतरतो तो क्षण त्याला अजून आवडायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर आणि मधे फुलाफुलांचा पडदा. पडद्यापलीकडे त्याच्या बायकोचा, नेउझाचा, रेडिओ आणि नेउझाची जीभ, दोन्ही दिवसभर चालू.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, एका थंड सकाळी हारुए मोरिमोतो आली. आठवडी बाजारात तिची पास्तेल नावाच्या तळलेल्या करंज्यांची आणि उसाच्या रसाची गाडी होती, त्यामुळे सगळा मोहल्ला तिला दोना हारुए, म्हणजे हारुएबाई, म्हणून ओळखायचा. तिने काखेतलं गाठोडं टेबलावर ठेवलं.

"सेऊ अदेमार, जपानहून आलाय."

"कोण? भाऊ की गेम?"

"दोघंही," ती म्हणाली. "आणि दोघांचाही रंग उडालाय."

तिचा धाकटा भाऊ तोशियो बरीच वर्षं तिकडच्या मोटारींच्या कारखान्यात होता. आजोबा तिकडून इकडे आले होते, नातवंडं कामासाठी तिकडे चालली होती, त्यात नवल काही नव्हतं. पण तोशियो मुदत संपायच्या आधीच परत आला होता, एक बॅग आणि हे यंत्र घेऊन.

"बोलत नाही का?" अदेमारने विचारलं.

"बोलतो की. हसतोसुद्धा. पण..." हारुए जरा घुटमळली. "जेवायला हाक मारायला जावं, तर हा आधीच उठून उभा. म्हणतो, आलो आलो. मी तोंडही उघडलेलं नसतं हो."

"भूक लागत असेल."

पडद्याआडून नेउझा म्हणाली, "आमच्याकडे उलटं आहे, दोना हारुए. घसा बसेपर्यंत ओरडलं तरी हा माणूस हलत नाही. बदलून घेता का?"

हारुए हसली. पण जाताना दारात थांबून म्हणाली, "लवकर करा. त्याला दुसरं काही सुचत नाही."

२

दुपारी अदेमारने यंत्र उघडलं. आत धूळसुद्धा नव्हती. पट्टी बसवली, चार ठिकाणी कथिलाचे डाग दिले, कॅसेट खोचली आणि टीव्ही लावला.

चित्र आलं. डोंगराच्या कडेची वाट होती, आणि पाठीवर गाठोडं घेतलेला एक छोटा माणूस. जपानी पुस्तक वाचतात तसा हा खेळ उजवीकडून डावीकडे जायचा. गाठोडं पिवळं झालं, डोंगर जांभळा झाला, आणि अदेमारने सवयीने मान डोलावली.

मग त्याला सावली दिसली.

टीव्हीच्या चित्राला अशी सावली पडते. लाटा एकदा सरळ येतात आणि एकदा कुठल्यातरी इमारतीवर आपटून उशिरा येतात, म्हणून मूळ चित्राच्या शेजारी त्याचीच फिकट प्रत उमटते. धंद्यातली माणसं तिला भूतच म्हणतात. अँटेना थोडी फिरवली की भूत जातं. अदेमारने अशी शेकडो घालवली होती.

पण उशिरा आलेली प्रत उजवीकडे पडते. नेहमी उजवीकडे, कारण टीव्ही चित्र डावीकडून उजवीकडे काढत जातो. ही सावली डावीकडे होती, बोटभर अंतरावर, छोट्या माणसाच्या पुढे.

म्हणजे प्रत आधी आली आणि मूळ नंतर, असं त्याच्या मनात आलं, आणि स्वतःच्याच विचाराचं त्याला हसू आलं. वायर बदलली. टीव्हीला दोन चापट्या मारल्या. सावली तशीच. तेवढ्यात एक माणूस बंद पडलेलं धुलाईयंत्र घेऊन दारात उभा राहिला आणि तो विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी हारुए आली तेव्हा त्याने सांगितलं, "थोडं भूत आहे. घरची अँटेना नीट लावा, जाईल."

"भूत?"

"घाबरू नका, आमच्या धंद्यातला शब्द आहे."

३

चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला. भूत गेलं नव्हतं. "जरा येऊन बघता का?" ती म्हणाली. तिचा आवाज कामापुरता होता, पण त्याखाली काहीतरी दबलेलं होतं.

मोरिमोतोंचं घर लाल मातीच्या गल्लीत शेवटचं. फाटकाशी उभं राहून, इथे घंटीऐवजी वाजवतात तशा, टाळ्या वाजवायला अदेमारने हात वर केले, तोच दार उघडलं. दारात तोशियो उभा होता. तिशी ओलांडलेला, बारीक, कारखान्याचं करडं जाकीट अंगात.

"या, सेऊ अदेमार. टाळ्या ऐकल्या तुमच्या."

"अजून वाजवल्या कुठे?"

"हो का?" तोशियो हसला. हसू गोड होतं, दमलेलं होतं. "मग चुकलं माझं."

खोलीत जुन्या तेलाचा वास होता. कोपऱ्यात पिठाच्या परातींवर ओलं फडकं टाकलेलं. हारुए दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आत आली नाही. तोशियो जमिनीवर बसला आणि रिमोट हातात घेऊन खेळू लागला.

अदेमार सावलीकडे बघत राहिला. आता ती बोटभर राहिली नव्हती, चांगली वीतभर पुढे गेली होती. आणि प्रत मूळ चित्राबरोबर हलत नव्हती. सावलीने दरीवरून उडी मारली. छोटा माणूस अजून काठावर चालत होता. मग काठ आला आणि त्यानेही उडी मारली, अगदी तशीच, तिथूनच. सावली थबकली, तिने वर बघितलं, दगड चुकवला. जरा वेळाने छोटा माणूस थबकला. दगड मग पडला.

अदेमारने उठून अँटेनाची वायर टीव्हीच्या पाठीतून उपसून काढली आणि यंत्र थेट वायरने जोडलं. अशा जोडणीत भूत पडूच शकत नाही. हवेतून काही येतच नाही, तर दोनदा कसं येणार?

सावली पुढे चालत होती.

"तू मुद्दाम तिच्यासारखं खेळतोस का?" त्याने विचारलं.

"मी तिच्या मागून जातो, एवढंच."

"आणि नाही गेलास तर?"

तोशियोने प्रामाणिकपणे विचार केला. "तसं होत नाही," तो म्हणाला. "सुरुवातीला मीही खूप प्रयत्न केला. तिकडे खोलीवर आम्ही चौघं होतो. एकजण तर चिडून बाहेर निघून गेला. सावली उभी राहिली. तो परत येईपर्यंत उभीच."

"तो माणूस कुठे आहे आता?"

तोशियोने टीव्ही बंद केला, यंत्राच्या वायरी नीट गुंडाळल्या आणि ते अदेमारच्या हातात दिलं. "घेऊन जा. मला आता पडद्यावर बघायची गरज उरली नाही."

हारुए फाटकापर्यंत सोडायला आली. "काय बिघाड आहे?" तिने विचारलं.

"बघतो," अदेमार म्हणाला. काय बघणार होता, ते त्याला ठाऊक नव्हतं.

४

त्याने सगळं करून पाहिलं. रंगाची पट्टी काढली, चित्र पुन्हा काळं-पांढरं झालं, सावली राहिली. दुसरा टीव्ही जोडला, तिसरा जोडला. दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका जुनाट लाकडी खोक्यावरही चित्र आणलं. प्रत्येक पडद्यावर ती डावीकडे, पुढे. दुसरी कॅसेट लावली तर त्या खेळातही.

शेवटी तो स्वतः रिमोट घेऊन बसला. ठरवून बसला. सावली उडी मारेल तेव्हा आपण मारायची नाही, बस्स. एवढं तर माणसाच्या हातात असतं. त्याने अंगठा बटणावरून उचलून बाजूला धरला.

सावलीने उडी मारली. छोटा माणूस काठाकडे चालला. अदेमार श्वास रोखून बसला. फुलाफुलांचा पडदा सरकला, नेउझा आत आली आणि कॉफीचा कप टेबलावर ठेवताना तिचा धक्का त्याच्या कोपराला लागला. अंगठा बटणावर पडला. छोट्या माणसाने उडी मारली.

"अगं!"

"काय अगं? पोरासारखा खेळत बसलाय भरदुपारी. मला बघू दे."

तिने त्याच्या हातातून रिमोट ओढून घेतला आणि खुर्चीच्या हातावर बसून खेळायला लागली. कधी खेळली नव्हती, तरी भराभर पुढे गेली. हसत होती, छोट्या माणसाला शिव्या घालत होती. मग तिचं हसू हळूहळू कमी झालं.

"अदेमार," ती म्हणाली, "हे माझ्या मनातलं माझ्याआधी कसं करतंय?"

नेउझाने रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही हात ॲप्रनला पुसले, मासे साफ केल्यावर पुसायची तसे. "परत देऊन टाक त्या बाईला. सांग, माझ्याच्याने होत नाही."

दोन दिवस ती पडद्याच्या अलीकडे आली नाही. अदेमारने यंत्र टॉवेलात बांधून माळ्यावर टाकलं.

५

पहिल्यांदा पाववाल्याचा भोंगा. सकाळी खाटेवर असताना तो अगदी बारीक ऐकू आला, पाण्याखालून यावा तसा. आज गाडी लांबच थांबली वाटतं, असं म्हणून अदेमार कूस बदलतो तोच भोंगा पुन्हा वाजला, नेहमीच्या जागी, नेहमीच्या जोरात.

त्याने मनावर घेतलं नाही. गल्लीत प्रतिध्वनी होतात. मात्र प्रतिध्वनी नंतर येतो, हे त्याच्यासारख्या माणसाला विसरता येत नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. चमचा बशीत पडल्याचा बारीक आवाज, आणि मग चमचा पडायचा. फोनची पुसट घंटा, आणि मग घंटा. दारात गिऱ्हाईकाचं "आहे का कुणी?" दोनदा यायचं, आणि पहिल्या वेळी दारात कुणीच नसायचं. अदेमार दवाखान्यात गेला. डॉक्टरने कानातला मळ काढला आणि या वयात असं होतं म्हणून सांगितलं. या वयात नेमकं कसं होतं, ते अदेमारने विचारलं नाही. नेउझाला त्याने काहीच सांगितलं नाही. ती हल्ली स्वतःच गप्प असायची आणि रेडिओ मोठ्याने लावून ठेवायची. तिला आणखी कशाला घाबरवा?

शेवटी त्याने तोशियोला फोन लावला. तोशियोचा "हॅलो" आधी कानात पुटपुटला आणि मग तारेतून आला.

"तुमच्याकडे आलं वाटतं," तोशियो म्हणाला. त्याच्या बोलण्यात आश्चर्य नव्हतं.

"हे जातं का कधी? तेवढं सांग."

"माझं गेलं की!" तोशियोचा आवाज इतका मोकळा अदेमारने कधी ऐकला नव्हता. "काल दुपारपासून. ताईने हाक मारली, एकदाच ऐकू आली. कुत्रा भुंकला, एकदाच. इतकं शांत वाटतंय, सेऊ अदेमार. मी उद्या तिच्याबरोबर बाजारात येतोय. या, रस पाजतो तुम्हाला."

फोन ठेवताना अदेमारचे डोळे भरून आले. जातं तर. आजार होता, येतो आणि जातो. त्या दिवशी तो नेउझाशी उगाच थट्टा करत राहिला, आणि तीही कधी नव्हे ती थोडी हसली.

६

बाजारात गर्दी होती, पण मोरिमोतोंच्या गाडीभोवती गर्दी वेगळीच होती. उसाचा चरक बंद होता. तोशियो रसाच्या पेट्यांपैकी एका पेटीवर बसला होता, भिंतीला टेकून, हातात फडकं. कुणीतरी त्याच्या खांद्यांवर टेबलक्लॉथ पांघरला होता. माणूस बसून विश्रांती घेत असावा, इतका तो सरळ बसला होता.

"हृदय बंद पडलं म्हणतात," हारुए म्हणाली. ती रडत नव्हती, हातांवरचं वाळलेलं पीठ सोलत होती. "सकाळपासून गात होता. गाडी त्यानेच लावली. मी म्हटलं, जरा बस. बसला. मी हाक मारली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हाक मारावी लागली, सेऊ अदेमार. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आता माणसात आला."

अदेमार तिच्यासमोर उभा राहिला. तोशियो काल काय म्हणाला, ते त्याने तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बौद्ध देवळात तोशियोसाठी झालेल्या प्रार्थनेच्या वेळी उदबत्तीच्या धुरात तो मागच्या बाकावर बसला आणि कान टवकारून बसला. भिक्खूंची घंटा आधी बारीक वाजली, मग खरी. त्याने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मग आपण कशाने सुटलो हे कळून त्याने मान खाली घातली.

घरी येऊन त्याने माळ्यावरून यंत्र काढलं, अंगणात दगडावर ठेवलं. हातोडा उचलायच्या आधीच घाव बसल्याचा आणि प्लास्टिक तडकल्याचा बारीक आवाज त्याला आला. क्षणभर त्याला वाटलं, नाहीच मारला तर? आहे तसा खाली ठेवला तर? मग तोशियोचं 'तसं होत नाही' आठवलं, आणि त्याने हातोडा घातला. आत काहीही नव्हतं. हिरव्या पट्ट्या, वायरी, त्याने स्वतः दिलेले चार डाग.

यंत्र गेलं, पण आवाज गेले नाहीत.

आणि अदेमारला ते जायलाच नको होते. हीच गोष्ट सगळ्यात वाईट होती. तो डोळे उघडताच पाववाल्याच्या भोंग्यासाठी कान लावायचा. बारीक आला का? आला. दिवस मिळाला. तो पेल्यावर चमचा वाजवून बघायचा, दार उगाच आपटून बघायचा. जोवर पुसट आवाज आधी येत होता, तोवर पुढे काहीतरी होतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा हल्ली फार लक्ष देऊन ऐकतो.

७

ऑगस्ट उजाडला होता. स्वच्छ, कोरडी सकाळ, अंगणात ऊन. अदेमार दुकानात एक रेडिओ उघडून बसला होता. सगळं नेहमीसारखं दोनदा वाजत होतं आणि त्याचं मन थाऱ्यावर होतं.

पडदा सरकवून नेउझा आली. केस धुतलेले, तोंडावर कितीतरी दिवसांत न दिसलेला तजेला. ती त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"तुला एक सांगू? हसायचं नाही."

"सांग."

"तू काळजी करत बसशील म्हणून बोलले नाही. त्या खेळाला हात लावला ना मी, तेव्हापासून माझ्या कानात काहीतरी व्हायचं. प्रत्येक आवाज दोनदा. आधी बारीक, मग मोठा. वेड लागतंय असं वाटायचं. म्हणून तर रेडिओ लावून बसायचे."

अदेमारच्या हातातला पेचकस टेबलावर टेकला.

"काल संध्याकाळपासून बंद झालं," नेउझा म्हणाली आणि मनापासून हसली. "एकदाच ऐकू येतं सगळं. घर इतकं शांत आहे, अदेमार. रात्री कशी झोप लागली म्हणून सांगू!"

तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या कानापाशी ओल्या केसांचं पाणी थेंबाथेंबाने ब्लाउजवर उतरत होतं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, दवाखाना म्हणायचं होतं, गाडी बोलाव म्हणायचं होतं. पण त्याआधी त्याला ऐकू आलं.

स्वयंपाकघराच्या दिशेने, अगदी बारीक, पाण्याखालून यावं तसं. स्टूल आडवं झालं. मग पातेलं फरशीवर घरंगळत गेलं. मग कुणी माणूस ओरडला, नेउझा, नेउझा, एकदा, पुन्हा, पुन्हा, आणि त्या आवाजात कुणी ओळखीचं आहे असं वाटतं न वाटतं तोच अदेमारला कळलं की तो त्याचा स्वतःचा आहे.

मग ते थांबलं. नेउझा समोर बसली होती.

"काय रे? असा काय बघतोस?"

त्याने टेबलावरून तिचे दोन्ही हात धरले. "कुठे जाऊ नकोस. इथेच बस. माझ्याजवळ बस."

"वेडा झालास का?" पण तिला आवडलं होतं, ते दिसत होतं. ती थोडा वेळ बसली. तिचे हात गरम होते. त्याने ते इतके घट्ट धरले की तिची अंगठी त्याच्या तळव्यात रुतली.

"अदेमार, सोड. दूध ठेवलंय गॅसवर."

"जाऊ दे उतू."

"फरशी तू पुसणार आहेस?" हसत तिने एक हात सोडवला, मग बोटं उलगडत दुसरा. तिने त्याच्या गालाला टिचकी मारली आणि पडदा सरकवून आत गेली.

अदेमार उठला. खुर्ची मागे पडली आणि तो पडद्याकडे धावला.